पळसधऱ्याच्या गाळाचा रंग

रिटायर झाल्यावर माणसं काय काय करतात, बघा! कोणी भजनी मंडळात टाळ वाजवतं, कोणी सुनेच्या भाजीत मीठ मोजतं, कोणी सकाळी पाच वाजता फिरायला जाऊन गल्लीतली कुत्री जागी करतं. आपल्या व्यंकटरावांनी फंक्शन हॉल घेतला. तीन दिवसांसाठी. घरात लग्न नाही, बारसं नाही आणि साठी म्हणावी तर ती होऊन आठ वर्षं झाली.

"प्रदर्शन आहे," चारुशीलाबाई शेजारच्या रंजीताला सांगत होत्या. "चित्रांचं. यांच्या एकट्याचं."

"एकट्याचं काऊन व काकू? बाकीचे आले नाही काय?"

चारुशीलाबाईंनी चहा पुढं केला.

हॉल मिळाला तो मूढम लागलं होतं म्हणून. लग्नाचे मुहूर्त बंद झाले की आदिलाबादचे सगळे हॉलवाले माशा मारत बसतात, मग चित्रं लावा नाही तर पापड वाळवा, त्यांना काय? फक्त स्टेजवरच्या नवरा-नवरीच्या दोन लाल मखमली खुर्च्या हलवायला हॉलवाल्यानं नकार दिला. त्या जड होत्या. तेव्हा तीन दिवस व्यंकटराव त्यातल्याच एकीवर बसले, गळ्यात मफलर, पायात मोजे, शेजारची खुर्ची रिकामी. चारुशीलाबाईंना म्हटलं बसा, तर म्हणाल्या, "एकदा बसले तेवढं पुरे झालं."

कार्ड लेकीनं, चैत्रालीनं हैदराबादहून करून पाठवलं. त्यावर छापलं होतं, 'निसर्गातून उमटलेली अमूर्त भूदृश्ये'. चारुशीलाबाईंनी चष्मा लावून ते तीनदा वाचलं आणि फोन लावला.

"हे अमूर्त म्हणजे काय गं?"

"आई, म्हणजे ज्यात झाड झाडासारखं दिसत नाही, डोंगर डोंगरासारखा दिसत नाही, ते."

"मग ते तर यांना आधीपासूनच येतं."

अशी सगळी थट्टा. पण व्यंकटरावांचं तिकडं लक्ष नव्हतं, कारण त्यांच्या मनात त्या तीन दिवसांत एकच गोष्ट घडायला हवी होती. ती सांगायची तर थोडं मागं जावं लागेल.

व्यंकटराव म्हणजे मोजणीचे माणूस. सर्व्हेयर. तेहतीस वर्षं साखळी ओढली, टिपणं काढली, हद्दीचे दगड शोधले. बापही सरकारी नोकरीतला, दर तीन वर्षांनी बदली, त्यामुळं लहानपण क्वार्टरांत गेलं. "तुमचं गाव कोणतं?" असं कोणी विचारलं की हा माणूस घसा खाकरायचा आणि वडील शेवटी जिथं नोकरीला होते त्या गावाचं नाव सांगायचा.

एकोणीसशे शहाऐंशी साली, दसरा झाल्यावर, त्यांना पळसधऱ्याला पाठवलं. गुडीहत्नूरकडून उटनूरच्या जंगलाकडं जाताना डोंगरांच्या खोबणीत पन्नास-साठ घरांचं गाव. तलाव व्हायचा होता, गाव पाण्याखाली जायचं होतं, त्याआधी इंच न इंच मोजायचा होता. गावानं या माणसाला दगड मारले असते तरी कोणी नावं ठेवली नसती. पण बापूजी नावाच्या एका भाजीवाल्या म्हाताऱ्यानं त्यांना ओसरीवर जागा दिली आणि म्हणाला, "तू काय पाणी डोक्यावर घेऊन आला का बापा? बस. जेव." चार महिने व्यंकटराव त्या ओसरीवर राहिले. पहिल्या आठवड्यात 'साहेब' होते, दुसऱ्या आठवड्यात 'व्यंकटी' झाले. एकोणतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांना आईशिवाय कोणी व्यंकटी म्हटलं नव्हतं.

मग मोजणी झाली. माणसं पांगली, कोणी निजामाबादकडं, कोणी उटनूरला, कोणी हायवेच्या कडेला. पाणी आलं. खालच्या शेतांना ते मिळालं, सगळं रीतसर झालं. आणि व्यंकटरावांजवळ गावाचा एक फोटोसुद्धा राहिला नाही. होता तो नक्शा, तोही ऑफिसात जमा. त्यावर सगळ्या रेघा आणि आकडे.

रिटायर झाल्यावर त्यांनी रंग आणले. कोणाकडं शिकले नाहीत. भिंतीला पुट्टी लावायची पत्र्याची पट्टी असते ना, तिनंच रंग ओढायचे, जुन्या बनियनच्या चिंध्यांनी पुसायचे. घरात एकही धड बनियन उरला नाही म्हणून चारुशीलाबाईंनी किती बोलावं! आणि एक नेम केला, चित्रात रेघ काढायची नाही. "जन्मभर रेघाच मारल्या," म्हणाले, "आता एक मारणार नाही." दहा वर्षं बसून त्यांनी तेवीस चित्रं केली. पिवळ्यात मिसळलेला हिरवा, त्याखाली जांभळट काळा, कुठं राखेसारखा पट्टा, मध्येच पळसाचा भडका. सगळीच्या सगळी पळसधऱ्याची. पण एकाखालीही गावाचं नाव नाही, नुसते आकडे, एक ते तेवीस.

"अहो, नाव तरी लिहा," चारुशीलाबाई म्हणाल्या. "लोकांना कळेल कसं?"

"लिहिलं की मग कळण्यात काय राहिलं?"

तर हे असं होतं. त्यांना हार नको होता, पेपरात फोटो नको होता. पळसधऱ्याच्या कोण्या एका माणसानं त्या चित्रांपुढं उभं राहून, कोणी न सांगता, "अरे, हे तं आपलं गाव!" एवढं म्हणावं. मग ते गाव होतं असं झालं असतं. त्यांच्या एकट्याच्या डोक्यात नाही, खरोखर.

माणूसही शोधून ठेवला होता. बापूजी तर कधीच गेले, पण त्यांची धाकटी सून मनकर्णा गुडीहत्नूरला हायवेवर भाजी घेऊन बसते, असं कळलं. व्यंकटराव बसनं गेले. आधी किलोभर वांगी घेतली. मग अर्धा किलो आणखी. मग कोथिंबीर. शेवटी तीच म्हणाली, "तुमी थे मोजणीवाले साहेब नाही काय? आमच्या ओसरीवर झोपत होते?" व्यंकटरावांनी वांग्यांची पिशवी खाली ठेवली. कार्ड हातात दिलं आणि म्हणाले, "या." कसलं प्रदर्शन, कुणाचं गाव, काही नाही. सांगितलं असतं तर परीक्षेत उत्तर सांगितल्यासारखं झालं असतं ना!

घरी वांगी बघून चारुशीलाबाई म्हणाल्या, "दीड किलो? आणि ही मनकर्णा कोण म्हणालात?"

"तिनं चार महिने मला भाकरी घातली."

"मी चाळीस वर्षं घालते आहे. माझं चित्र कुठं आहे?"

पहिल्या दिवशी गर्दी झाली. एका रिटायर हेडमास्तरांनी दिवा लावला आणि पाऊण तास स्वतःच्या नोकरीबद्दल बोलले. गल्लीतल्या बायका आल्या, त्यांनी चित्रांपेक्षा हॉलचे पडदे जास्त पाहिले. रंजीतानं नऊ नंबरापुढं मान तिरकी करून विचारलं, "काका, हे उलटं तं नाही लागलं?" आणि खरं सांगायचं तर व्यंकटरावांनाही एक क्षण शंका आली.

दुपारी भीमपूरकडचे नागोराव आणि त्यांचा पुतण्या प्रवीण आले. दोघांच्या हातात प्लास्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत कागद. फ्लेक्सवर सर्व्हेयर साहेबांचा फोटो पाहिला आणि दोघांनी, एकमेकांना न सांगता, समजून घेतलं की साहेबांनी मोजणीचा कॅम्प लावलाय. आता आपल्याकडं साहेबांचा फोटो आणि मांडव दिसला की माणूस जमिनीच्या पहाणीचा उतारा घेऊनच निघतो, त्यात त्यांची काय चूक?

"साहेब, हा पोट्टा माझ्या धुऱ्यात दोन तास घुसला," नागोराव दारातूनच. तास म्हणजे पेरणीची ओळ, घड्याळातला नव्हे.

"काका, कापसाचे दोन तास तुमीच गिळले!"

"इथं धुऱ्याबांधाचं काही नाही हो," व्यंकटराव म्हणाले. "ही चित्रं आहेत. बघा."

दोघं बघायला लागले. पण डोळे सवयीचे! चार नंबरासमोर नागोरावांनी बोट ठेवलं. "हे कापूस. हे तूर. मंग धुरा कोठी हाये याच्यात?"

प्रवीणनं नाक चित्राला लावलं. "नाही काका. धुराच नाही."

"ह्याच्यात?"

"ह्याच्यातबी नाही. साहेबानं सारे धुरे काढून टाकले."

नागोरावांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "असं शेत भेटलं तं भांडाले कोणी उरनच नाही गा." लगेच सावध होऊन, "पण साहेब, आमचं टिपण तेवढं पाहून द्या." शेवटी व्यंकटरावांनी लाल खुर्चीवर बसून दोघांचं टिपण वाचून दिलं. निकाल अर्धा-अर्धा निघाला, एक तास काकाचा, एक पुतण्याचा. दोघंही नाराज होऊन गेले. म्हणजे मोजणी बरोबर झाली.

पण मनकर्णा आली नाही.

दुसऱ्या दिवशी तर कोणीच आलं नाही. थंडी मरणाची, त्यात कापसाची वेचणी. व्यंकटराव दर बस आली की दारात जायचे. हॉल बसस्टँडच्या मागंच, हॉर्न ऐकू यायचा. गुडीहत्नूरची गाडी कोणती, उटनूरची कोणती, हे त्यांना संध्याकाळपर्यंत हॉर्नवरून कळायला लागलं. डबा उघडून चारुशीलाबाई म्हणाल्या, "माझी वाट कधी अशी पाहिली नाही."

"तू कुठं गेलीसच नाहीस."

चारुशीलाबाईंना या बोलण्याचा राग यावा की बरं वाटावं, ते ठरेना. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून त्यांच्या ताटात टाकला.

"येईल हो," म्हणाल्या. "भाजीवालीचं बाजारावर असतं. उद्या बाजार नाही तिचा."

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला मनकर्णा आली. धुवट नऊवारी, वर नातवाचा असावा असा निळा स्वेटर, डोक्यावर टोपली नाही पण काखेत पिशवी, पिशवीतून मेथी डोकावत होती. चपला दाराबाहेर काढल्या. व्यंकटराव खुर्चीवरून असे उठले की मफलर खाली पडला.

"उशीर झाला साहेब. तुमाले मेथी आणली. तुमी मेथी खात होते."

"चालेल. म्हणजे, या. बघा."

आणि मग ती एकेक चित्र बघत निघाली. व्यंकटराव दोन पावलं मागं. एक नंबर. दोन. प्रत्येकापुढं ती थांबे, पदर सारखा करी, डोळे बारीक करी. पाच नंबरात बापूजीचं घर होतं, म्हणजे घर नव्हतं, पण घरावर सकाळी पडणारं ऊन होतं. ती पाचपुढं जरा जास्त थांबली. व्यंकटराव एक पाऊल पुढं सरकले.

"ह्याले रंग लय लागला असन," ती म्हणाली, आणि सहाकडं गेली.

अकरा. चौदा. सतरावर पळस पेटला होता, टेकडीच्या उतारावरचे तीन पळस. त्यापुढून ती तशीच गेली. तेवीस संपलं. मनकर्णानं हात जोडले.

"छान हाये साहेब. तुमचा हात चांगला हाये. मंग मी निघू? पाचची गाडी हाये, पण आधी बसस्टँडवर बसतो, तेवढंच."

व्यंकटराव हसले. रिटायर झाले त्या दिवशी नारळ हातात घेऊन हसले होते, तसं. "हो, हो. बसा तिथं. ऊन असतं."

पण चारुशीलाबाई! दहा वर्षं चिंध्या झालेले बनियन पाहिले त्यांनी, दीड किलो वांगी संपवली त्यांनी. त्या काही गप्प बसणाऱ्यातल्या नाहीत.

"अहो बाई, थांबा. ते पळसधरा आहे. तेवीसच्या तेवीस. तुमचंच गाव आहे ते!"

"चारू!" व्यंकटराव ओरडले.

"काय चारू? दहा वर्षं गप्प बसले मी!"

मनकर्णा दारात होती, एक चप्पल घातलेली. ती चप्पल तिनं काढली. परत आली. पहिल्यापासून पुन्हा बघायला लागली, आणि या वेळी कोणी मागं गेलं नाही. व्यंकटरावांना वाटलं, आता म्हणेल. निदान माझं मन ठेवायला तरी म्हणेल.

"नाही," मनकर्णा म्हणाली.

"नाही?"

"हे पळसधरा नाही साहेब. राग नका मानू." ती सतरा नंबरापाशी गेली. "हे तीन पळस, हे असतीन बापा. पण हे तुमी कुठून पाह्यले? टेकडीवरून. थे तुमचं तीन पायाचं टेबल मांडून तुमी दिवसभर टेकडीवर राहो. आमी खालून पाहो तं तुमी वर मुंगीएवढे दिसत. सासरे म्हणत, व्यंकटी देवासारखा वर जाऊन बसला." ती थोडं हसली. "आमाले गाव असं वरून कधी दिसलंच नाही. मी लगन होऊन आली तेव्हापासून वाकूनच होती. निंदणं, लावणं, पाणी देणं. आमचं गाव म्हणजे पायाखालचं. इतकंच." आणि तिनं हातानं जमिनीपासून वीतभर उंची दाखवली.

व्यंकटराव चित्राकडून तिच्याकडं वळले. "पायाखालचं काय?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं.

"गाळ. आन काय? ओढ्याचं पाणी दिवाळीनंतर उतरे, मंग जो गाळ उघडा पडे त्याच्यात आमी वांगे लावत होतो. गाळपेर. तुमी थंडीत जे वांगे खाल्ले, थे सारे त्याच गाळातले. तुमाले माहीत नाही?"

त्यांना माहीत नव्हतं. ती जागा त्यांनी मोजलीच नव्हती. ओढ्याचं पोट कोणाच्या सर्व्हे नंबरात येत नाही. साखळी काठापर्यंत न्यायची आणि पलीकडून पुन्हा धरायची. नक्श्यावर त्यांनी तिथं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'नाला, पोटखराब', म्हणजे पिकाच्या कामाची नाही अशी जागा. इतकी वर्षं त्यांना त्या गावची प्रत्येक हद्द पाठ होती, आणि ज्या जागेचं खाल्लं तिथं त्यांनी पाऊलही ठेवलं नव्हतं.

"कसा होता तो?" ते म्हणाले. "गाळ. रंगानं?"

"काळा."

व्यंकटरावांनी स्टेजवरच्या पेटीतून रंग काढले, एक जाड कागद काढला, तिथंच फरशीवर बसले. गुडघे कडकड वाजले. मनकर्णाही समोर उकिडवी बसली. त्यांनी काळा लावला.

"एवढा नाही. हा तं तव्याचा बूड झाला."

तपकिरी मिसळला.

"हे शेण हाये."

"मग काय घालू?"

"वरून राखेसारखा दिसे. पाय ठेवला का आतून निळा निघे. निळा म्हणजे निळा नाही. कावळ्याच्या मानेवर राह्यते ना, तसा." तिनं बोट घातलं रंगात, विचारलंही नाही. "हे थोडं... नाही, पाणी पाह्यजे. पाऊल उचललं का त्यात पाणी भरे. थंड. सकाळी तं पाय बधिर होऊन जाय. आन वास..." ती थांबली.

"वास कसा?"

"वासाचा रंग हाये काय तुमच्याजवळ?"

नव्हता. ही त्या घरातली सर्वात धाकटी सून, तेव्हा अठरा वर्षांची, चार महिन्यांत साहेबांसमोर एक शब्द बोलली नव्हती. भाकरी उंबऱ्यावर ठेवायची आणि मागं व्हायची. आता ती त्यांच्या कागदावर बोट फिरवत म्हणत होती, "हटा जरा, तुमची सावली पडून राह्यली."

पाच-सहा कागद झाले. एकात निळा जास्त, एकात राख जास्त. चारुशीलाबाईंनी चहा सांगितला, तो निवला. सातव्या कागदावर मनकर्णाचा हात थांबला. तिनं तो कागद उचलून दूर धरला, जवळ आणला. डोळ्यांत पाणी होतं की थंडीनं वाहत होतं, कोण जाणे.

"हा?" व्यंकटरावांनी विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "वाटते. पण मी तिथं दोनच हंगाम होती साहेब. माझी जाऊ सोजरबाई बारा वर्षं त्या गाळात उभी राह्यली. उटनूरले राह्यते पोराजवळ. तिले अजून चांगलं दिसते. मी उद्या तिच्याकडं घेऊन जातो. थे सांगन, हाच होता का नाही."

"ओला आहे अजून."

"मी धरतो ना."

पाचची गाडी लागली होती. व्यंकटराव तिची पिशवी घेऊन बसपर्यंत गेले. तिचे दोन्ही हात पुढं, तळव्यांवर तो कागद, जशी कोणाच्या घरी वाण घेऊन निघाली असावी. गर्दी तिला धक्के देत होती आणि ती कोपरांनी गर्दी सारत होती. बायकांना तिकीट माफ, म्हणून कंडक्टरनं आधार कार्ड मागितलं.

"हात गुतले हायेत. पिशवीत हाये, वरच्या खणात. तूच काढ बापा."

ती खिडकीशी बसली. व्यंकटराव खाली उभे. गाडी थरथरायला लागली.

"साहेब," ती म्हणाली, "थे नाही म्हणली तं?"

"तर पुन्हा करू."

"आन तिलेबी आठोत नसन तं?"

तेवढ्यात गाडी निघाली. ती वळून गेटबाहेर गेली, तरी ते तिथंच. मागून चारुशीलाबाई आल्या, खांद्यावर त्यांचा पडलेला मफलर.

"चला हो. सहा वाजता हॉल सोडायचा आहे. चित्रं काढायची आहेत भिंतीवरून."

"राख जरा कमी पडली," व्यंकटराव म्हणाले.